इंदूरभोवतीची सुगी कशी पाहावी: नवख्यांसाठी

पुण्या-नागपुराहून नोकरीसाठी इंदूरला आलेल्या माणसाला पहिल्याच पावसाळ्यात कोणीतरी पाताळपाणी आणि तिंछा दाखवून आणतं. धबधबे पाहून होतात, भुट्टा खाऊन होतो, आणि माळवा पाहिला असं वाटू लागतं. पण धबधब्यापर्यंत जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे काळं-हिरवं शिवार मागे पडतं, माळवा तिथे आहे. आणि ते पाहायला वाटाड्या, तिकीट, हॉटेल यातलं काहीच लागत नाही.

हे मी दोघांसाठी लिहितोय. एक, नव्याने इंदूरला राहायला आलेले. दुसरे आपलेच रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगरातले मराठी लोक. त्यांच्या दोन-तीन पिढ्या इथे गेल्या, पण शेताशी संबंध उरला तो एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरण्यापुरता. माझं सांगणं एवढंच: सुगी एका दिवसात पाहता येत नाही. एकाच रस्त्यावर वर्षभर पुन्हा पुन्हा जा. ते कसं, हे पुढे क्रमाने सांगतो.

१. आधी वर्षाचा क्रम डोक्यात बसवा

इथे दोन मोठ्या सुग्या होतात. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू आणि हरभरा. बाकीची पिकं या दोघांच्या मधल्या जागा भरतात.

• जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा पहिला आठवडा: सोयाबीन, मक्याची पेरणी
• ऑगस्ट-सप्टेंबर: भुट्टे
• सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य: सोयाबीनची काढणी
• ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर: बटाटा, लसूण, हरभरा, गहू यांची लागवड
• जानेवारी ते मार्च: बटाटा निघतो
• फेब्रुवारीअखेर ते मार्च: हरभरा
• मार्च ते मध्य एप्रिल: गहू, त्याच्याच आगेमागे लसूण
• एप्रिल-मे: कांदा

या तारखा पावसाप्रमाणे दहा-पंधरा दिवस इकडेतिकडे होतात. सोयाबीन निदान १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं इथले शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात. इंदूरची वर्तमानपत्रं पाऊस अजून इंचातच छापतात, त्यामुळे हा हिशोब घरबसल्या ठेवता येतो. चार इंचांची बातमी ज्या दिवशी येईल, तो दिवस लिहून ठेवा. तिथून पंच्याऐंशी ते शंभर दिवस मोजले की काढणीचा अंदाज मिळतो.

आपलं नक्षत्रांचं कॅलेंडरही जवळ असू द्या. २५ मेला रोहिणी लागते, तिच्या पहिल्या नऊ दिवसांना इथे नवतपा म्हणतात. शेतकरी बोलताना तारखेपेक्षा नवतपा, मृग, आखा तीज (अक्षय तृतीया), दिवाळी यांच्या आगे-मागे बोलतो. ते कळलं की निम्मं संभाषण सोपं होतं.

२. एकच रस्ता निवडा

तीन रस्ते सुचवतो, त्यातला एकच धरा.

देपालपूर रस्ता माझ्या मते नवख्यांसाठी सगळ्यात चांगला. गांधीनगर, हातोद आणि पुढे सपाट काळी जमीन. वाटेत गंभीर नदीवरचा यशवंत सागर तलाव लागतो. २०२२ साली त्याला रामसर पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळालं. काठावरच्या शेतांत नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते. देपालपूरच्या पुढे गौतमपुरा आहे, जिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट युद्ध होतं, म्हणजे दारू भरलेली पेटती हिंगोट फळं दोन गट एकमेकांवर फेकतात.

महू-सिमरोळकडचा रस्ता विंध्याच्या कडेने जातो. इथे बटाटा भरपूर, जमीन चढउताराची. एकाच दिवशी वरच्या हलक्या जमिनीतलं पीक पिकलेलं आणि खालच्या भारी जमिनीतलं हिरवं असं शेजारी-शेजारी दिसतं.

सांवेर रस्ता उज्जैनच्या वाटेवरचा. शहराला जवळ, पण कॉलन्या वेगाने पसरताहेत. आज पाहिलेलं शेत पुढच्या वर्षी शेत राहीलच असं नाही.

स्वतःची गाडी नसेल तर गंगवाल बसस्थानकावरून धार-बेटमा-देपालपूर बाजूच्या बस मिळतात. खिडकीची जागा धरा. बसची खिडकी मोटारीपेक्षा उंच असते, त्यामुळे बांधापलीकडचं दिसतं.

रस्त्यावर तीन-चार खुणेच्या जागा ठरवा: एखादी विहीर, वडाचं झाड, नाल्यावरचा पूल. दरवेळी तिथेच थांबा, तिथूनच फोटो काढा. वर्षाअखेर ते फोटो ओळीने लावले की पिकाचा सगळा प्रवास समोर येतो.

३. बरोबर काय न्यायचं

• घोट्याच्या वर येणारे बूट आणि लांब पँट. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत शेतात घोणस, नाग, मण्यार असतात. चप्पल घालून बांधावर चढू नका.
• टोपी किंवा पंचा, आणि वाटतं त्याच्या दुप्पट पाणी. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.
• लहान वही, पेन्सिल. शाईचं पेन मावठ्यात, म्हणजे हिवाळी पावसात, किंवा दवात फिसकटतं.
• लहान भिंग. दहा पटीचं पुरे.
• दुर्बीण असेल तर न्या, मुद्दाम विकत घेऊ नका.
• आधार कार्ड किंवा कंपनीचं ओळखपत्र. गावात कोणी विचारलंच तर दाखवायला बरं पडतं.
• कृषी संशोधन संस्था पाहायची असेल तर आधीच लेखी अर्ज आणि येणाऱ्यांची यादी. खंडवा रस्त्यावर सोयाबीनची राष्ट्रीय संस्था आहे, १९८७ सालापासूनची. शहरात भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्रही आहे. नुसतं फाटकाशी जाऊन उभं राहिलात तर आत घेतीलच असं नाही.

ड्रोन नको. देपालपूर रस्त्याचा सुरुवातीचा टप्पा विमानतळालगत आहे, आणि उडवायची मुभा असते तिथेही शेतात राबणाऱ्या माणसाच्या डोक्यावर घरघर करणं मला बरं वाटत नाही.

४. शिवारात शिरण्याची रीत

रस्त्यावरून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. बांध ओलांडायचा असेल तर लागते. शेतात कोणी दिसलं तर लांबूनच ‘राम-राम’ करा आणि थांबा. वडीलधाऱ्यांना ‘काकाजी’, तरुणांना ‘भैया’. ‘आवो, बेठो’ असं म्हणाले की मग पुढे जा. इंदूरहून आलो, पीक पाहायची आवड आहे, एवढं सांगितलं तर पुरतं. जमीन विकत घ्यायला आलेलो नाही, हे मात्र पहिल्या दोन वाक्यांत कळू द्या. शहरातली गाडी बांधाशी थांबली की लोकांच्या मनात तोच विचार येतो.

काही गोष्टी जपाव्या. खळ्यात धान्याची रास पडली असेल तर पायताण घालून तिच्याजवळ जाऊ नका आणि रास ओलांडून तर कधीच जाऊ नका. ‘किती क्विंटल झालं?’ हा प्रश्न राशीसमोर विचारू नका, बऱ्याच जणांना ते आवडत नाही. माप होण्याआधी आकडा उच्चारणं अशुभ मानतात. त्याऐवजी ‘औंदा पाणी कसं झालं?’ असं विचारा. त्या एका प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो.

कापणीला झाबुआ, अलिराजपूर, धारकडून भिल्ल कुटुंबं येतात, मुलाबाळांसह. काम अंगावर घेतलेलं असतं, एकेक तास मोलाचा असतो. त्यांना फोटोसाठी थांबवू नका, बायकांचे फोटो तर न विचारता मुळीच काढू नका.

तारेच्या कुंपणाला हात लावू नका. नीलगायीचा, म्हणजे इथल्या बोलीत रोजड्यांचा, त्रास मोठा आहे. काही जण कुंपणात वीज सोडतात, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

५. सोयाबीन: पिवळा रंग नीट वाचा

इथे जरा थांबू, कारण नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच चकतो.

ऑगस्टमध्ये रस्त्यावरून एखादं शेत पिवळंजर्द दिसतं. पीक पिकायला आलं असं वाटतं. ते पिकलेलं नसतं, आजारी असतं. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग त्याला झालेला असतो. जवळ जाऊन एक पान पाहा. रोगाच्या पानावर हिरव्यात पिवळे ठिपके-पट्टे असतात, शेत ठिगळाठिगळांनी पिवळं होतं, आणि शेंगा थोड्या असतात किंवा भरलेल्या नसतात. पिकण्याचा पिवळा सप्टेंबरच्या उत्तरार्धात येतो. तो पूर्ण पानावर एकसारखा असतो, मग पानं गळतात आणि उरतात उघड्या काड्या, त्यांना चिकटलेल्या तपकिरी शेंगा. पानं झडलेलं सोयाबीन पाहून शेत वाळून गेलं असं बरेच जण समजतात. ते अगदी हवं तसं झालेलं असतं.

फूल पाहायचं असेल तर पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी जा. रस्त्यावरून ते दिसत नाही. झाड हलकेच वाकवून पानाच्या बगलेत पाहा, तिथे मुगाच्या दाण्याएवढं जांभळं किंवा पांढरं फूल असतं. भिंगाखाली पाहिलं की ते वाटाण्याच्याच कुळातलं आहे हे लगेच ओळखू येतं.

काढणीच्या दिवसांत दोन वेळा जा. एकदा भल्या सकाळी. दव असतं तेव्हा शेंगा मऊ असतात, तडकत नाहीत, म्हणून विळ्याने कापणारे उजाडताच कामाला लागतात. दुसऱ्यांदा भर दुपारी. कापून ठेवलेल्या ढिगांजवळ गप्प उभं राहिलात तर शेंगा तडकण्याचे बारीक आवाज ऐकू येतात. शेंगेच्या दोन्ही फोडी पीळ खाऊन उलगडतात आणि दाणा हातभर लांब उडतो. शेतकऱ्याची सगळी घाई या आवाजामुळे असते. चार दिवस उशीर झाला तर माल जमिनीवर. आणि हस्ताच्या, चित्राच्या पावसाने गाठलं तर शेंगेतच कोंब फुटतात, दाणा काळवंडतो, भाव पडतो.

ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत येणारा जे. एस. ९५-६० हा वाण इथे इतका का पेरतात, याचं उत्तर त्याच शेतात पंधरवड्याने परत गेलात की मिळतं. तिथे बटाट्याचे नाहीतर लसणाचे वाफे तयार झालेले असतात. लवकर रान मोकळं झालं की रब्बीचं महाग पीक वेळेवर लागतं.

जुन्या माणसांना एक विचारा: सोयाबीनच्या आधी इथे पावसाळ्यात काय असायचं? ज्वारी, कापूस सांगतील, आणि पुष्कळ जण सांगतील की काळी जमीन पावसाळाभर पडीक ठेवून हिवाळ्यात तिच्या ओलीवर गहू घ्यायचे. १९७० नंतर सोयाबीन आलं आणि पावसाळ्यातल्या माळव्याचा रंग बदलला. आपण ज्याला कायमचं हिरवं दृश्य समजतो ते अवघ्या दोन पिढ्यांचं आहे.

दसऱ्याला बाहेर पडणार असाल तर तारांवर लक्ष ठेवा. कापणी झालेल्या शेतातले उघडे पडलेले किडे टिपायला नीलपंख येऊन बसतो. बसलेला असताना मळकट दिसतो, उडाला की निळाई उघडते.

एक सक्त सूचना. पाऊस पडून गेल्यावर डांबर सोडून गाडी खाली उतरवू नका. काळी माती चाकाला थर धरते आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि त्या दिवसांत प्रत्येक ट्रॅक्टर कामात असतो.

६. दिवाळी ते संक्रांत

हा काळ लोक सोडून देतात, कारण शेतं बोडकी दिसतात. तरी एक-दोन फेऱ्या मारा. नांगरामागे बगळ्यांची रांग, पाणी सोडलेल्या काळ्या रानाचा वास, आणि गव्हाचं दोन पानांचं पोपटी रान सकाळच्या तिरप्या उन्हात पाहण्यासारखं असतं.

हरभऱ्याच्या शेतात मात्र जानेवारीत सकाळी जाच. पानांवर बारीक केसांतून आंब सुटलेली असते. बोट लावून जिभेला लावा, चिंचेसारखी झणझणीत लागते. फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारून घ्या. घाटे भरले की शेतकरी स्वतःच डहाळा उपटून हातात देतो. न मागता तोडू नका.

बटाट्याची काढणी पाहायची तर महूकडे जा. यंत्र वरंबा उलथतं, मागून बायका आकारानुसार वेगळे करत जातात. इथल्या बटाट्याला वेफर्सवाल्यांची मागणी आहे, बाकीचा शीतगृहात जातो.

७. गहू: फेब्रुवारीपासूनच सुरू करा

गव्हाची सुगी म्हणजे सोनेरी शेतं असं समजून लोक एप्रिलमध्ये निघतात आणि त्यांना फक्त धसकटं दिसतात. गहू पाहायचा तर फेब्रुवारीत ओंबी निसवल्यापासून दर पंधरा दिवसांनी जायला हवं.

शेतकऱ्याला विचारून एक ओंबी घ्या. मधला दाणा काढून नखाने दाबा. पांढरा चीक आला तर अजून महिनाभर आहे. दाणा पिठासारखा मऊ दबला तर ओंब्या भाजून खायचे दिवस. होळीच्या आगीत ओंब्या भाजायची इथली रीत याच वेळेला बसते. ओंबी तळव्यावर चोळून फुंकर मारली, तूस उडालं, आणि दाणा दाताखाली कट्टदिशी तुटला, म्हणजे कापणी दारात आली. रंगपंचमीला शहर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला राजवाड्यावर लोटतं, तेव्हा सांवेर-देपालपूरकडे विळे आणि हार्वेस्टर दोन्ही चालू असतात.

शेजारच्या दोन शेतांतला फरक ओळखायला शिका. एकीकडे लांब, राठ कुसळांच्या जाड ओंब्या दिसल्या तर तो कठिया गहू असण्याची शक्यता जास्त. दाणा मोठा, काचेसारखा कडक, रवा-दलियाचा, बाफल्याचा (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा). पोळीचा गहू तुलनेने सडपातळ असतो.

हार्वेस्टर पंजाब-हरियाणाकडून येतात, रात्रीही चालतात. त्यांच्या पुढच्या बाजूला उभं राहू नका, मागच्या बाजूलाही धुरळा आणि तूस उडतं. डोळ्यांना चष्मा लावा. मळणीयंत्राजवळ ओढणी, पंचा, सैल बाही नको. हाताने कापलेला गहू हल्ली कमी दिसतो, पण ज्यांच्याकडे गुरं आहेत ते अजूनही काही भाग विळ्याने कापतात, कारण हार्वेस्टरने चारा वाया जातो.

एप्रिलमध्ये धूर दिसला तर ती नरवाई, म्हणजे कापणीनंतरचे खुंट जाळणं. त्यावर बंदी आहे, दंड होतो, तरी जळते. वाऱ्याने आग पसरते, म्हणून धूर दिसताच गाडी वळवा. व्हिडिओ काढत तिथे थांबू नका. मला याचं फार वाईट वाटतं, कारण शेतातला काडीकचरा कुजवून खत करण्याची जगभर गेलेली पद्धत ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. १९२४ साली इथे उघडलेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी ती बसवली. १९३५ साली गांधीजी ती पाहायला आले होते. त्याच संस्थेच्या जागी आजचं कृषी महाविद्यालय आहे.

८. शेतामागोमाग मंडईत

शेतात पाहिलेलं पीक पुढे कुठे जातं हे पाहिल्याशिवाय चित्र अर्धवट राहतं. धान्यासाठी लक्ष्मीबाई नगर किंवा छावणी, बटाटा-कांदा-लसणासाठी चोइथराम मंडी. दुपारच्या आत जा. बोली करणारा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतो. व्यापारी मूठभर माल तळव्यावर घेतो, फुंकतो, दाताने दाणा फोडतो आणि आकडा सांगतो. शेतात तुम्ही केलेली दाण्याची परीक्षा इथे रुपयांत होते.

बोली झाल्यावर अनुबंध पत्र (सौद्याचा करार), मग तौल पर्ची (वजनाची चिठ्ठी), मग भुगतान पत्रक (पैसे दिल्याचा कागद) असा कागदांचा क्रम असतो. तो एकदा पाहून घ्या. २०२४-२५ साठी सोयाबीनचा किमान आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात बोली त्याच्या कितीतरी खाली लागत होती, आणि शेतकऱ्यांचे चेहरे का पडले होते हे वेगळं सांगायची गरज नव्हती. अशा आकड्यांशी आपली वही ताडून पाहायची सवय ठेवा.

निघण्याआधी मंडी सुरू आहे का ते विचारा. रविवार, दिवाळीचे दिवस आणि मार्चअखेरचा हिशोबाचा काळ, यांत बंद असते. हम्मालांच्या वाटेत उभं राहू नका, पाठीवर पोतं असलेला माणूस थांबू शकत नाही.

९. जमलं तर घाट उतरा

नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा खंडवा रस्त्याने सिमरोळच्या पुढे भेरूघाट उतरून बडवाहकडे जा. तासाभरात हवा गरम होते, जमीन बदलते, कापूस फुटलेला दिसतो, पुढे निमाडची लाल मिरची वाळत घातलेली दिसते. परत वर आलात की माळवा पुन्हा नव्याने दिसेल.

१०. वर्षाचा गहू त्याच शेतातून घ्या

रस्ता एकच धरला असेल तर एप्रिलपर्यंत दोन-चार शेतकरी तुम्हाला नावाने ओळखू लागतात. मग घरचा गहू त्यांच्याकडूनच घ्या. भाव आधी ठरवा, मंडीचा त्या दिवसाचा भाव दोघांनाही माहीत असू द्या, आणि घासाघीस करू नका. मूठभर दाणे चावून पाहा. दातात चिकटला तर ओल आहे, गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्या. कोठी आतून कोरडी पुसा, थराथरात कडुनिंबाची वाळलेली पानं घाला. ओली पानं घालू नका, त्यानेच बुरशी येते. झाकण लावण्याआधी धान्य पूर्ण गार झालेलं असावं, गरम गहू भरला तर कोठीत घाम धरतो. पोत्यावर शेताचं, वाणाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. पोळी चांगली झाली की पुढच्या नोव्हेंबरात त्यांना आधीच सांगता येतं, की हाच पेरा.